दंडावरची चुगली

माझा स्वभाव संशयी आहे असं माझा नवरा लग्नापासून सांगत आलाय, आणि मी ते कधी नाकारलं नाही. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या परीक्षेत कॉप्या पकडायला जे भरारी पथक फिरतं, त्यात दर वर्षी माझं नाव असतं. मुलांच्या मोज्यांतून आणि मुलींच्या ओढणीच्या गाठींतून मी इतकं साहित्य बाहेर काढलंय, की समोरचा माणूस खरं बोलत असला तरी मला आधी त्याचे मोजे तपासावेसे वाटतात.

त्यामुळे त्या सकाळी पंकजच्या, म्हणजे नवऱ्याच्या, दंडावरची पट्टी पुन्हा नारिंगी झालेली दिसली, तेव्हा मी काही न बोलता खुंटीवरचा त्याचा शर्ट काढला आणि नाकाला लावला.

"वास येतोय का भज्यांचा?" पंकजने अंथरुणातूनच विचारलं.

"साबणाचा येतोय. शर्ट काल कुणी धुतला?"

"तूच धुतलास, वृषाली."

हे खरं होतं, पण त्याने माझं समाधान झालं नाही. मागच्या आठवड्यात पट्टी नारिंगी झाली तेव्हा त्याने शपथ घेतली होती की बाहेरचं काहीही खाल्लेलं नाही. आता पुन्हा नारिंगी, आणि आकडा मागच्यापेक्षा वर. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि पट्टीला खोटं बोलून काय मिळणार?

इथे पट्टीबद्दल सांगायला हवं. ही पट्टी आपल्याकडे येऊन फार वर्षं झालेली नाहीत, पण आता ती नसलेला दंड शोधावा लागतो. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो चिकट तुकडा असतो. तो घाम पितो आणि घामातले काही ठरावीक रेणू मोजतो. आकडा मर्यादेत असला की हिरवा दिसतो, वर गेला की नारिंगी. तळणीच्या तेलातून अंगात गेलेलं विष मोजायला तो निघाला, म्हणून दुकानात त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे. घराघरात मात्र सगळे त्याला चुगलखोर म्हणतात.

वर्गात मी ही गोष्ट मुलांना अशी सांगते. तेल म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. तुपाच्या आणि खोबरेल तेलाच्या बहुतेक साखळ्या सगळीकडून सारख्याच भक्कम असतात. शेंगदाण्याच्या तेलात पुष्कळ साखळ्यांना एका जागी दुहेरी बंध असतो, करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलात दोन जागी, आणि जवसाच्या तेलात तीन जागी. हा दुहेरी बंध नावाने जोरकस वाटतो, पण त्याच्या शेजारची जागाच साखळीत सगळ्यांत कच्ची. थंड आणि ताजं असताना हेच तेल हृदयाला चांगलं. ते तापलं की मात्र हवेतला ऑक्सिजन नेमका त्या कच्च्या जागी दात मारतो, साखळी तुटते आणि तुकडे पडतात. या तुकड्यांना अल्डिहाइड म्हणतात. ते पोटातून रक्तात जातात, तिथल्या प्रथिनांना गोचिडासारखे चिकटतात आणि सहज सुटत नाहीत. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडं यांच्यावर त्यांचा विशेष राग.

हे सगळं जुनंच ज्ञान. पण ते पुस्तकात होतं तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. ते दंडावर आलं आणि माणसं बदलली. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न मुलाकडच्यांनी तिची पट्टी बघून मोडलं. माझ्या एका सहकारी बाईंनी सासूबाईंशी बोलणं टाकलं, कारण दिवाळीचं तळण झाल्यावर उरलेलं तेल त्या गुपचूप फोडणीला वापरत होत्या आणि ते नातवाच्या दंडावर उमटलं. कुणाकडे जेवायला गेलं की परत येऊन दंड बघायचा, ही आता रीत झाली आहे. दंड नारिंगी दिसला की यजमानाचं नाव मनात काळ्या शाईने लिहायचं.

आमच्या घरात मात्र पट्टी शोभेला नव्हती. पंकजची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि एक दिवसाआड तो डायलिसिसच्या खुर्चीत बसत होता. माझं मूत्रपिंड जुळलं नाही. जुळलं ते त्याच्या मोठ्या बहिणीचं, ज्योत्स्नाताईंचं. त्या अंजनगावला राहतात, यजमानांचा, म्हणजे आमच्या भाऊजींचा, पानमळा आहे. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, "कधी यायचं?"

नागपूरच्या प्रत्यारोपण केंद्राने तारीख दिली आणि दोघांच्या दंडावर पट्ट्या लावल्या. घेणाऱ्याचा आकडा वर असेल तर नवं मूत्रपिंडही लवकर खराब होतं, म्हणून तारखेपर्यंत तो मर्यादेत ठेवायचा. सलग वर राहिला तर तारीख रद्द. आणि प्रत्येक नारिंगीची खबर देणाऱ्यालाही जाणार. आपल्या अंगातला अवयव ज्याला द्यायचा, तो पथ्य पाळतो की नाही हे जाणण्याचा त्याला हक्क आहे, असं केंद्राचं म्हणणं. म्हणणं रास्त होतं. मी स्वतः नियम केला असता तर असाच केला असता.

म्हणजे मी शर्टाचा वास घेत होते तेव्हा अंजनगावला ताईंच्या फोनवरही तोच नारिंगी ठिपका उमटला होता.

रविवारी ताई आल्या. दर रविवारी येतात तशाच, पहिल्या बसने, हातात चार खणांचा डबा आणि पिशवीत जवसाच्या तेलाची बाटली घेऊन. पंकजचं दुखणं निघाल्यापासून रविवारचं जेवण त्यांचं. ज्वारीची भाकरी, पाणी काढून टाकलेली पालेभाजी, बिनमिठाचं काहीतरी, आणि वर घ्यायला चमचाभर तेल. हे तेल केंद्राच्या आहारतज्ज्ञ बाईंनीच सुचवलं होतं. ताजं जवसाचं तेल रोज चमचाभर, न तापवता, जेवणावर घ्या म्हणून. अंजनगावला एक लाकडी घाणा अजून फिरतो. तिथून तेल आणायचं काम ताईंनी आपणहून घेतलं आणि गेले दोन महिने बाटली न चुकता येत होती. मला जवसाचा वास सोसत नाही. बाटली उघडणं, चमचा भरणं, पुसून ठेवणं हे सगळं पंकजच करायचा.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पंकजच्या समोर बसल्या, त्याचा दंड हातात घेतला आणि पट्टीवरून अंगठा फिरवला.

"काय खाल्लं रे?"

"काहीच नाही ताई. खरंच."

"मले फोन येते केंद्राचा. बाई विचारते, तुमचा भाऊ पथ्य पाळते का म्हून. मी काय सांगू?"

"पाळतो म्हणून सांग."

"सांगतलं. दोनदा सांगतलं." त्यांनी दंड सोडला. "माह्या घरचे म्हणते, पोट फाडून देशील अन् तो मिरचीचे भजे खाईन. मी त्यांच्याशी भांडली तुह्यासाठी. मले खोटी पाडू नको बावा."

पंकज नुसता मानेने नाही नाही म्हणत राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला ताईंची कीव आली आणि पंकजचा राग आला. तरी ताईंचं ते वाक्य मी मनात बाजूला काढून ठेवलं. त्यांच्या घरात या दानावरून भांडण झालं होतं. संशयी माणसाला अशी वाक्यं बरोबर सापडतात.

त्या आठवड्यात मी नवऱ्याचा पाठलाग केला. कॉलेजात अर्धी रजा टाकली, डायलिसिस केंद्रासमोरच्या रसवंतीत जाऊन बसले आणि तो बाहेर यायची वाट बघितली. तो आला. चेहरा पांढराफटक, चाल संथ. रिक्षाकडे न वळता तो चौकातल्या गिल्यावड्याच्या, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्यांच्या, गाडीकडे गेला. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी बरं वाटलं. सापडला एकदाचा.

तो गाडीजवळ उभा राहिला. गाडीवाल्याने त्याला बघून मान डोलावली, पण पुढे काही केलं नाही. कढईत वडे सुटत होते. पंकज थोडा वेळ तसाच उभा राहिला, डोळे मिटून. मग वळला आणि रिक्षात बसला.

मी गाडीवाल्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "साहेब खात नाही मॅडम. नुसते उभे राहते. मी म्हटलं, दही-वडा देऊ का बिनातेलाचा? म्हणे, असा वडा असते का कुठी."

घरी आल्यावर मी पंकजला सगळं सांगितलं. पाठलाग केला होता हेही सांगितलं, कारण मला लपवता येत नाही, फक्त पकडता येतं.

"वासाने आकडा चढतो का?" त्याने विचारलं.

"धुरात अल्डिहाइड असतात. पण एवढ्याने एवढा नाही चढणार."

"मग तूच सांग मी कुठे खातो ते. तुझा माझ्यापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास आहे, तर यंत्रालाच विचार. सगळं विचार."

त्याचं हे बोलणं लागलं, पण त्यातून एक वाट निघाली. पट्टी दंडावर असताना फक्त एकूण आकडा सांगते. ती सोलून नागपूरच्या प्रयोगशाळेत दिली तर तुकड्यांचा तपशील मिळतो. साखळी कुठे तुटली त्यावरून तुकड्याची लांबी ठरते, आणि लांबीवरून तेल ओळखता येतं. करडई किंवा सूर्यफुलाचं तेल तापलं की नऊ कार्बनचा एक विशिष्ट तुकडा जास्त मिळतो. जवसाचं तापलं की सहा कार्बनचा. चोराने पायाचे ठसे ठेवावेत तसंच हे आहे. मी पट्टी सोलली आणि पाठवून दिली.

अहवाल आला तो वाचून मी खुर्चीतच बसून राहिले. जवळजवळ सगळे तुकडे सहा कार्बनचे. तेल जवसाचं, आणि ताजं नव्हे. सडकून तापवलेलं.

बाजारात जवसाच्या तेलात कुणी तळत नाही. परवडत नाही आणि वासही उग्र येतो. आमच्या घरात मी शेंगदाण्याचं तेल वापरते. जवसाचं तेल घरात एकाच बाटलीत होतं, आणि ती बाटली अंजनगावहून येत होती.

मी ओट्यावरची बाटली उचलली, नाक मुरडून झाकण काढलं. मला अपेक्षित होता तो कच्चा, गवतासारखा वास आला नाही. खमंग वास आला, आणि त्याच्या मागे कुठेतरी जुन्या रंगाच्या डब्यासारखा. तेलाचा रंगही सोनेरी नव्हता, तांबूस होता. दोन महिने ही बाटली माझ्या नाकासमोर उभी होती आणि रसायनशास्त्राची बाई तिच्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण भरारी पथकात आम्हाला एक सवय लागते. कॉपी सापडली की पोरगा कोण हे विचारायचं नाही, ती का केली हे आधी शोधायचं. मी केंद्राचं पान उघडलं आणि ताईंच्या पट्टीचे आकडे काढले. दात्याचे आकडे आम्हालाही दिसतात. ताईंचा दंड पहिल्या दिवसापासून हिरवा होता, अगदी धुतल्यासारखा. म्हणजे जे तेल त्या भावाला आणून देत होत्या त्याचा एक थेंबही त्या स्वतः घेत नव्हत्या.

रात्रीची भांडी आवरण्याआधीच मी पंकजला सगळं एका दमात सांगितलं. तेल त्यांचं, तापवलेलं त्यांनी, स्वतः खात नाहीत त्या, आणि घरचे विरोधात. तोंडाने नाही म्हणवत नसेल तर माणूस काय करेल? तारीख आपोआप रद्द होईल असं काहीतरी करेल. आणि दोष कुणाला? भजी खाणाऱ्या भावाला.

"ताई असं करणार नाही," पंकज म्हणाला.

"मलाही आधी तसंच वाटलं."

"आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. ताईने मला..."

"मला माहीत आहे. पण अहवाल वाच."

त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग अहवाल पालथा घालून ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मागे भाऊजी फोनवर धड बोलले नव्हते." त्याच्या आवाजात काहीतरी तुटलं होतं. मी ते ऐकलं आणि मला जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

शनिवारी न कळवता आम्ही अंजनगावला गेलो. रविवारचं तेल शनिवारी तयार होत असणार, असा माझा हिशोब. दार उघडंच होतं. भाऊजी मळ्यात गेले होते. मागच्या अंगणातून धूर येत होता आणि त्या धुराने डोळे चुरचुरत होते.

ताई अंगणात गॅसच्या शेगडीसमोर बसल्या होत्या. नाकाला पदर लावलेला, डोळ्यांतून पाणी. शेगडीवर लोखंडी कढई, कढईत तेल, आणि तेलावरून निळसर धुराची वेटोळी उठत होती. त्यांनी विड्याचं एक पान देठाला धरून तेलात सोडलं. पान चरचरलं, काळं झालं, वर आलं. त्यांनी ते झाऱ्याने काढलं आणि आम्हाला बघितलं.

"अरे, तुम्ही? फोन तरी करायचा."

मी पर्समधून अहवाल काढला. आवाज माझा वर्गातला होता.

"ताई, तुम्हाला किडनी द्यायची नव्हती तर सांगायचं होतं. आम्ही समजून घेतलं असतं. हे असं तेल खाऊ घालून त्याला खोटा ठरवायची काय गरज होती?"

त्यांना आधी कळलंच नाही. कढईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय तेल? हे त्याचंच तेल आहे. उद्याचं."

"तेच म्हणते मी. स्वतः तुम्ही याचा थेंब घेत नाही. तुमची पट्टी हिरवी आहे."

"मी कायले घेऊ?" ताई म्हणाल्या. "घाणेवाला बाटलीभरच देते. जवस पेरते कोण आता? जेवढं निघते तेवढं त्याच्यासाठी आणतो. मले काय झालं, मी शेंगदाण्याचं खातो."

"आणि हे तापवायचं कशाला? धूर निघेपर्यंत?"

"कढवत नाही का तुम्ही?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "घाण्याचं तेल कढवल्याशिवाय कसं खायचं? आमची माय पान टाकून कढवे. पान काळं झालं की तेलाचा कच्चेपणा गेला. अन् आजारी माणसाले तर कच्चं देतच नाही. पोटात मुरडा येते, अंगावर उठते. त्या बाईनं सांगतलं, तापवू नका, जेवणावर घ्या. मी तापवत कुठं आहे? फोडणीले घेत नाही, तळत नाही. कढवून ठेवतो, मग थंड झाल्यावर बाटलीत भरतो. दर शनिवारी. डोळ्याची आग आग होते, पण करतो."

मी तिथे उभी होते आणि माझ्या हातातला कागद निरुपयोगी झाला होता. कढवणं. माझी आजीही करायची. तेलाचा नवा डबा आला की आधी कढवायचा, मग वापरायला काढायचा. आमच्याकडच्या बायकांच्या लेखी ते रांधणं नाहीच, धान्य निवडण्यासारखी पहिली तयारी आहे. कुणी विचारलं, तेल तापवता का, तर कुणीही बाई नाही म्हणेल आणि ते खोटं नसेल. आहारतज्ज्ञ बाई पुण्याकडच्या असाव्यात. त्यांना विचारायचं सुचलं नाही, आणि मला सुचायला हवं होतं. तीन दुहेरी बंध असलेलं तेल, लोखंडाची कढई, धूर निघेपर्यंत आच. शिवाय एकदा तुटायला लागलेली साखळी थंड बाटलीतही तुटत राहते. जगात याहून वाईट तेल बनवायचं तर मला प्रयोगशाळा लागली असती. आणि ताईंनी ते नाकाला पदर लावून, रडत्या डोळ्यांनी, भावासाठी बनवलं होतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. साखळी, बंध, ऑक्सिजन, सगळं. वर्गात सांगते तसं नाही जमलं, अडखळत सांगितलं. मी थांबले तेव्हा त्यांनी हात लांब करून गॅस बंद केला.

"म्हणजे माह्याच हातानं झालं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नव्हतं ताई. माझं चुकलं, मी भलतंच बोलले."

"तुह्यं जाऊ दे. तू बाहेरून आली. तुह्या कामात तुले सगळेच चोर दिसते." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्या मागे बघितलं. पंकज अंगणाच्या दारात उभा होता. "पंकज, तुलेही असंच वाटलं का रे?"

त्या क्षणी तो नाही म्हणाला असता तर. साधं, खोटं, एका शब्दाचं नाही. मी मनातल्या मनात त्याला ओरडून सांगत होते. पण माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. मी इतके दिवस ज्याच्यावर खोटेपणाचा आळ घेतला, त्याला खरोखर खोटं बोलता येत नाही. त्याने मान खाली घातली.

ताईंनी कढई उचलली, न्हाणीजवळ नेली आणि तेल ओतून दिलं. मग हात धुऊन आम्हाला चहा केला. चहा चांगला झाला होता. त्या हवापाण्याचं बोलल्या, बसची वेळ विचारली, आम्ही निघताना दारापर्यंत आल्या.

रविवारी त्या आल्या नाहीत.

तेल बंद झालं तसा पंकजचा आकडा हळूहळू उतरू लागला. चिकटलेले तुकडे लगेच सुटत नाहीत, शरीर जुनी प्रथिनं टाकून नवी करतं तसे ते जातात. केंद्राने तारीख पुढे ढकलली, पण रद्द केली नाही. पंकज रोज ताईंना फोन करायचा. त्या उचलायच्या. तब्येत विचारायच्या. तो माफीचं काही बोलायला लागला की म्हणायच्या, "राहू दे ते," आणि फोन ठेवायच्या. मी केला तर भाऊजी उचलायचे. शस्त्रक्रियेचं विचारायची हिंमत आमच्या दोघांतही नव्हती. नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि ज्याच्यावर भरवसा नाही त्याला कुणी पोट फाडून काही का द्यावं?

शस्त्रक्रियेआधी केंद्रात शेवटची मुलाखत असते. देणारा आणि घेणारा समोरासमोर, मध्ये समुपदेशक. पट्टी सगळं मोजते, पण माणूस राजी आहे की नाही हे अजून तोंडानेच विचारावं लागतं. ताई येणार की नाही हे आम्हाला नागपूरला पोचेपर्यंत माहीत नव्हतं. त्या आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून. हातात डबा नव्हता.

समुपदेशक तरुण होत्या. त्यांनी नेमाने प्रश्न विचारले. कुणाचा दबाव आहे का? नाही. घरच्यांची संमती? आहे. पुढचे धोके समजावलेत का? समजावले.

"दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे ना?"

पंकजने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलल्या.

"नाही."

समुपदेशक बाई थांबल्या. "मग आपण थोडं थांबूया का? तुम्हाला आणखी वेळ हवा असेल तर..."

"वेळ कायले? किडनी देईन मी. त्याची माही माय एक आहे." ताईंनी पंकजकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "पण डबा नाही देणार रे आता. जेवणात माणूस काहीबाही मिसळू शकते. देणारीनं नाही मिसळलं तरी खाणाऱ्याच्या मनात येते. तुह्या मनात आलं. किडनीत मले काही मिसळता येत नाही, म्हून ते देतो."

पंकज रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवू शकले नाही, कारण त्या खोलीत रडायचा अधिकार मला कमी होता. समुपदेशक बाईंनी पडद्यावर 'दाता राजी' असं नोंदवलं आणि पुढचा प्रश्न शोधू लागल्या.

शस्त्रक्रिया चांगली झाली. पंकजचा रंग परतला, डायलिसिसची खुर्ची सुटली. ताईही लवकर सावरल्या आणि अंजनगावला गेल्या. दिवाळी, राखी सगळं होतं, त्या येतात, बसतात, माझ्या हातचं जेवतात आणि चांगलं झालं म्हणतात. जाताना दंड बघत नाहीत. आणि आम्ही अंजनगावला गेलो की त्या आम्हाला चहा देतात. जेवायच्या वेळेआधी आमची बस कोणती ते विचारतात, आणि आम्ही उठतो.